चौथा कोपरा का जुळत नाही? टेबल सॉवरचा पंचेचाळीस अंशांचा काप सुधारण्याचा क्रम

फोटो फ्रेमचे तीन कोपरे फेव्हिकॉल लावून घट्ट बसले आणि चौथ्यात आधार कार्ड सहज सरकेल एवढी फट राहिली. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत, घेतलेल्या बहुतेक नवशिक्यांनी हा चौथा कोपरा पाहिलेला असतो. माझा पहिला चौथा कोपरा आजीच्या फोटोच्या फ्रेमचा होता. भांडुपचा गाळा, गणपतीला आठवडा उरलेला. मायटर म्हणजे पंचेचाळीसचा सांधा, आणि मायटर गेज म्हणजे लाकूड त्या कोनात धरून ब्लेडकडे सरकवणारं, अंशांच्या रेघांचं साधन. मी काय केलं, तर त्या गेजचा नॉब सैल केला, कोन दाखवणारा काटा अंदाजाने जरासा सरकवला आणि पुन्हा कापलं. फट आतून बाहेर गेली. परत सरकवला, परत कापलं. संध्याकाळपर्यंत सागाच्या दोन बीडिंग पट्ट्यांचा भुसा झाला आणि आठ बाय दहाची फ्रेम सहा बाय आठवर येऊन थांबली.

शेजारच्या गाळ्यातले सुतारकाका चहाचा ग्लास घेऊन बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "तो काटा कशाला छळतोस? आधी तुझा गुण्या उलटा करून बघ." बघितला. गुण्याच काटकोनात नव्हता! म्हणजे दिवसभर मी ज्या मापाने मशीन तपासत होतो, ते मापच वाकडं होतं.

काटा सगळ्यात शेवटी हलवायचा, हे मला तेव्हा कळलं. त्याच्याआधी गुण्या, ब्लेड, टेबलातली खाच, त्यात सरकणारी गेजची पट्टी आणि लाकूड अशी एक साखळी असते. त्यातली आधीची कडी चुकीची असेल, तर पुढचं सगळं सेटिंग वाया जातं. खालचा क्रम त्या साखळीचाच आहे. पहिल्यांदा एक अख्खी दुपार जाईल, नंतर दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत उरकतं.

एवढीशी चूक एवढी मोठी कशी होते

फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप फक्त अर्धा अंश चुकला, तर एका कोपऱ्यात एक अंश चूक. तीन कोपरे दाबून जुळवले की चारही कोपऱ्यांची चूक चौथ्यात जमा होते: ४ अंश. पट्टी ५० मि.मी. रुंद असेल तर पंचेचाळीसच्या कापाची लांबी साधारण ७० मि.मी. होते, आणि तेवढ्या लांबीवर ४ अंश म्हणजे जवळजवळ ५ मि.मी.ची फट. सुताराच्या भाषेत दीड सूत.

आता चूक फक्त ०.१ अंश धरा. तरीही चौथ्या कोपऱ्यात १ मि.मी. उरतो. मायटर गेजवरच्या रेघा एकेका अंशाच्या असतात आणि ती रेघच कधी कधी पाव अंश जाडीची असते. तिच्याकडे डोळे बारीक करून बघत ०.१ अंश साधणं शक्य नाही. स्केल जवळपास पोचायला ठीक आहे. बरोबर-चूक मात्र कापलेल्या लाकडावरच ठरवायचं.

दिलाशाची गोष्ट अशी की ०.१ अंशाची चूक चारही कोपऱ्यांत वाटली गेली, तर प्रत्येक ठिकाणी पाव मि.मी. येते, आणि फेव्हिकॉल लावून फ्रेमभोवती पट्टा आवळल्यावर ती दिसतही नाही. शून्य चुकीचा हट्ट धरू नका. मी धरला होता, एक आख्खा रविवार गेला.

आधी फट नीट बघा

मशीनला हात लावण्याआधी चारही तुकडे टेबलावर कोरडेच मांडा, गोंद न लावता. एकेक कोपरा हाताने जुळवून बघा. फट कुठे आहे यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

सगळ्या कोपऱ्यांत फट आतल्या बाजूला असेल, म्हणजे बाहेरची टोकं टेकली आहेत पण आतला कोपरा उघडा, तर तुमचा काप पंचेचाळीसपेक्षा जास्त तिरका झालाय, टोक जास्त अणकुचीदार झालंय. गेज जरासं सरळ आडव्या कापाकडे आणायचं. फट बाहेरच्या टोकाला असेल तर बरोबर उलट.

वरून सांधा बंद दिसतो, पण फ्रेम उलटी केली की मागून उघडा. किंवा याच्या उलट. हा दोष गेजचा नाही, ब्लेड टेबलाशी काटकोनात नाही.

प्रत्येक कोपरा सुटा जुळवला तर छान बसतो, पण चारही एकत्र आणले की शेवटचा अडतो? मग कोन नव्हे, लांबी चुकली आहे. समोरासमोरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि टोकांवरून बोट फिरवा. अर्ध्या मि.मी.चा फरकही बोटाला कळतो.

आणि सगळ्यात वैतागाचा प्रकार: एक कोपरा बरोबर, दुसऱ्याची फट आत, तिसऱ्याची बाहेर. यात नॉब फिरवून काहीच होणार नाही, कारण चूक स्थिर नाही. काहीतरी हलतंय. गेजची पट्टी खाचेत हलते, लाकूड फेन्सवरून, म्हणजे गेजच्या आधारपट्टीवरून घसरतं, किंवा लाकडाची पट्टीच वाकडी आहे.

पहिलं काम: प्लग काढा

स्विच बंद करून भागत नाही. खालच्या सगळ्या तपासण्यांत बोटं ब्लेडला लागणार आहेत, म्हणून पिन सॉकेटमधून काढून ती नजरेसमोर ठेवा. चाचणीचे काप घेताना गॉगल आणि मास्क लावा, हातमोजे मात्र घालू नका, ते ब्लेडमध्ये ओढले जातात. ब्लेडमागची पात, म्हणजे रायव्हिंग नाइफ, पंचेचाळीसच्या कापात आड येत नाही, ती काढायचं काहीच कारण नाही.

इथे एक स्पष्ट बोलतो. मुंबईत बऱ्याच साइटवर प्लायच्या टेबलाला भोक पाडून खाली मार्बल कटर उलटा बसवलेला दिसतो आणि त्यालाच टेबल सॉ म्हणतात. त्यावर ना गार्ड, ना पात, ना नीट खाच. त्यातून बरोबर मायटर काढणारे कारागीर आहेत, पण त्यांच्या हातात वीस-वीस वर्षांचा सराव आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा हातकरवत आणि मायटर बॉक्स, म्हणजे करवत पंचेचाळीसमध्ये धरणारी खाचांची पेटी घ्या, स्वस्त पडेल आणि बोटंही दहा राहतील.

गुण्या तपासणं

प्लायचा किंवा एमडीएफचा असा तुकडा घ्या ज्याची एक कड फॅक्टरीत कापलेली, सरळ आहे. गुण्याचा दांडा त्या कडेला टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारा. आता गुण्या पालथा करा, दांडा त्याच कडेला, पण तोंड दुसऱ्या दिशेला. पहिल्या रेघेच्या पायाशी टेकवून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या, तर त्यांच्यातल्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

नागदेवी स्ट्रीटला किंवा लोहार चाळीत हत्यारं घ्यायला जाल तेव्हा खिशात टोकदार पेन्सिल ठेवा आणि ही चाचणी दुकानातच करा. दुकानदार पहिल्यांदा चमत्कारिक नजरेने बघेल, दुसऱ्या गुण्याला स्वतःच प्लायचा तुकडा पुढे करेल. मी चार तपासले, त्यातला तिसरा घेतला.

पंचेचाळीससाठी शाळेच्या कंपास पेटीतला प्लॅस्टिकचा गुण्या वापरायला हरकत नाही, फक्त लहान असतो. स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगसाठीचा मोठा मिळतो, तो जास्त बरा. नाहीतर प्लायवर ३०० बाय ३०० मि.मी.चा चौरस आखा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ४२४ मि.मी. आणि वर अगदी किंचित भरले, तर तो चौरस खरा आणि त्याचा कर्ण म्हणजे तुमचा पंचेचाळीस.

ब्लेड आणि खाच समांतर आहेत का

मायटर गेज टेबलातल्या खाचेतून सरकतं, म्हणजे लाकूड खाचेच्या दिशेने जातं. ब्लेड त्या दिशेशी समांतर नसेल तर पुढचे दात कापतात आणि मागचे दात कापलेली बाजू पुन्हा खरवडतात. कापावर गोल ओरखडे, एका बाजूला जळल्याचे काळे डाग आणि जळक्या सागाचा वास ही त्याची खूण. मागचे दात लाकडाला बाजूला ढकलतातही, त्यामुळे काप किंचित पोटात जातो. असा काप गुण्याला टेकवला की मध्ये उजेड दिसतो, आणि माणूस बिचारा कोन सुधारत बसतो.

तपासायची सोपी पद्धत: ब्लेड पूर्ण वर करा. एका दातावर मार्करने खूण करा. लाकडाची एक पट्टी मायटर गेजला क्लॅम्पने आवळा आणि तिच्या टोकात एक स्क्रू अर्धवट बसवा. खूण केलेला दात पुढे आणा, स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम घासेल इतपत स्क्रू फिरवा. मग ब्लेड हाताने मागे फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्या, गेजही मागे सरकवा. तिथेही तेवढंच घासलं पाहिजे. दात तोच घ्यायचा, कारण ब्लेड स्वतः थोडं लहरत असेल तर त्याचा परिणाम मोजमापात येत नाही.

मागे जागा राहिली तर ती फीलर गेजने मोजा. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच पात्यांचं गेज, फार महाग नसतं. ०.१ मि.मी.च्या आत असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर मशीनच्या पुस्तिकेत बघा. काही मशीनमध्ये टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल सरकवतात, काहींमध्ये खालचा मोटरचा पाळणा सरकवतात. तीन बोल्ट सैल करून चौथा जरासा आवळलेला ठेवा आणि त्याच्याभोवती लाकडाच्या हातोडीने हळू ठोका. बोल्ट परत आवळताना सेटिंग हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. मला पहिल्यांदा पाच वेळा करावं लागलं.

ब्लेड उभं आहे का

गुण्या टेबलावर ठेवून ब्लेडच्या अंगाला टेकवा, दातांना नाही. दात अंगापेक्षा जाड असतात, दात मध्ये आला की माप फसतं. मागे मोबाइलचा टॉर्च लावा. उजेडाची फट वरपासून खालपर्यंत दिसलीच नाही म्हणजे उभं आहे.

यापेक्षा पक्की चाचणी लाकडाची. समांतर कडांची पट्टी उभी, म्हणजे कडेवर धरून मधोमध आडवी कापा, उंची ब्लेड झेपेल तेवढी घ्या. दोन्ही तुकडे तसेच टेबलावर ठेवा, एक उलटा करा म्हणजे त्याची वरची कड खाली जाईल, आणि कापलेली तोंडं एकमेकांना लावा. वर किंवा खाली फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. उलटा करून जुळवणं ही सुतारकामातली सर्वात स्वस्त आणि सर्वात प्रामाणिक मोजपट्टी आहे. डिजिटल अँगल गेज मी पण घेतलंय, पण ते सहसा ०.१ ते ०.२ अंशापर्यंतच भरवशाचं असतं, आणि आपल्या चौथ्या कोपऱ्याचा हिशेब वर केलाच आहे.

ब्लेड उभं करताना हँडल अडत असेल आणि नव्वदपर्यंत पोचत नसेल, तर आधी खाली वाकून बघा. थांबवणाऱ्या बोल्टपाशी भुसा दाबून दाबून पेढ्यासारखा घट्ट झालेला असतो. जुना टूथब्रश फिरवला की निम्म्या वेळा दोष तिथेच संपतो.

गेज खाचेत हलतंय का

हे करून बघा: गेज खाचेत ठेवा, डोक्याला धरून डावी-उजवीकडे हलवा. टक्-टक् आवाज आला तर तोच तुमचा कधी आत कधी बाहेर जाणारा कोपरा. मशीनसोबत येणाऱ्या गेजच्या पट्ट्या खाचेपेक्षा थोड्या अरुंद असतात, स्वस्त मशीनमध्ये तर चांगल्याच.

दोन उपाय आहेत. पट्टीच्या एका बाजूच्या कडेला, तीन-चार ठिकाणी, सेंटर पंचने ठोका. ठोकल्यावर खड्ड्याभोवती धातू किंचित उचलला जातो आणि पट्टी तेवढी रुंद होते. फार घट्ट झाली तर कानसने घासा. ज्याला मशीनवर हातोडी चालवायची भीती वाटते त्याने अॅल्युमिनियमची चिकटपट्टी कडेला लावावी. ती झिजते, दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. दोन्हींनंतर खाचेत मेणबत्ती घासा, गेज लोण्यासारखं जातं. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर एका रात्रीत तांबूस गंज चढतो, त्यालाही हेच मेण कामाला येतं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र टाळा, तो लाकडाला लागला की नंतर पॉलिश डागाडागांनी बसतं.

लाकूड घसरतंय का

सरळ आडव्या कापात ब्लेडचा जोर लाकडाला थेट मागे, गेजवर दाबतो. पंचेचाळीसला गेज तिरकं असतं, म्हणून तोच जोर लाकडाला गेजच्या कडेने सरकवायला बघतो. हाताला जाणवतही नाही, पण लाकूड अर्धा मि.मी. गेलेलं असतं आणि काप वाकडा झालेला असतो.

गेजच्या छोट्या डोक्यावर विसंबू नका. त्याला ४०० मि.मी. लांबीची, सरळ रंधलेली लाकडी फेन्स स्क्रूने बसवा, ब्लेडच्या पलीकडेपर्यंत जाईल अशी. तिच्या तोंडावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. लाकूड जागचं हलत नाही. वर एक क्लॅम्प लावला तर उत्तमच, बोटंही ब्लेडपासून दूर राहतात. लाकूड रेटू नका. पातळ ब्लेड जोराने रेटलं की बाजूला वाकतं, काप धनुष्यासारखा येतो.

ब्लेडबद्दल एवढंच: १० इंची ब्लेडला मायटरसाठी ६० ते ८० दात हवेत. मशीनसोबत येतं ते २४ दातांचं फळ्या उभ्या चिरायला ठीक. दातांवर सागाचा चिकट काळा थर असेल तर नवं ब्लेड घेण्याआधी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून ब्रशने घासा आणि लगेच पुसून कोरडं करा. कितीतरी बोथट ब्लेडं नुसती मळकी असतात.

पट्टी वाकडी असेल तर वरचं सगळं फुकट. रे रोडच्या लाकूड बाजारातून किंवा कुठूनही बीडिंग पट्टी आणताना एका डोळ्याने बंदुकीसारखी धरून बघा. दुकानदाराने मोजून बांधून दिली तरी सोडून बघा.

आता काटा

गेज ४५ वर ठेवा, नॉब आवळा. समांतर कडांची ५० ते ७५ मि.मी. रुंद भंगार पट्टी घ्या आणि मधोमध पंचेचाळीसमध्ये कापा. एक तुकडा पालथा करा, कापलेली तोंडं जुळवा. एल आकार तयार होईल. त्याच्या आत तपासलेला गुण्या ठेवा. दोन्ही बाजू टेकल्या तर काम झालं.

नाही टेकल्या तर दिसणारी चूक कापाच्या चुकीच्या दुप्पट आहे. समजा ५० मि.मी.च्या पट्टीचा कोपरा काटकोनात धरला आणि सांध्याच्या एका टोकाला १ मि.मी. फट आली. म्हणजे एकूण चूक साधारण ०.८ अंश, म्हणजे गेज फक्त ०.४ अंश फिरवायचं. स्केलवर हे दिसणार नाही, पण लांब फेन्सचं टोक गेज जिथे फिरतं त्या जागेपासून ३०० मि.मी. दूर असेल, तर तिथे ०.४ अंश म्हणजे जवळजवळ २ मि.मी. होतात. ते दिसतं! फेन्सच्या टोकाशी टेबलावर पेन्सिलीने खूण करा, नॉब सैल करा, टोक २ मि.मी. सरकवा, आवळा. लांब फेन्सचा दुसरा फायदा हा.

काही गेजं आवळताना स्वतःहून पुन्हा ४५च्या खोबणीत जाऊन बसतात, कारण तिथे खटका असतो. खटकाच चुकीच्या जागी असेल तर त्याच्याशी भांडू नका. तो ४५वर बसू द्या आणि लाकडी फेन्सच्या तोंडाला एका टोकाकडे मास्किंग टेपचे एक-दोन थर लावा. एक थर साधारण ०.१ मि.मी. जाडीचा. ओबडधोबड वाटतं, पण काम करतं आणि परत कापताना तसंच राहतं.

लांबी

समोरासमोरच्या पट्ट्या पेन्सिलीची खूण बघून कापू नका. फेन्सवर एक ठोकळा क्लॅम्प करा, पट्टीचं टोक त्याला टेकवा, कापा. जोडीची दुसरी पट्टी तशीच. ठोकळ्याचा खालचा कोपरा थोडा घासून टाका म्हणजे भुसा तिथे पडून राहील आणि पट्टी ठोकळ्यालाच टेकेल. नाहीतर भुशाच्या थराएवढी प्रत्येक पट्टी आखूड होत जाते. मायटरचं अणकुचीदार टोक सपाट ठोकळ्यावर दबतं, म्हणून ठोकळ्याचं तोंडही पंचेचाळीसमध्ये कापलेलं असलं तर बरं.

हा ठोकळा रिप फेन्सवर, म्हणजे ब्लेडला समांतर असलेल्या टेबलाच्या आधारपट्टीवर लावून ब्लेडपर्यंत येऊ देऊ नका. गेजने ढकललेला तुकडा ब्लेड आणि रिप फेन्स यांच्यात अडकला की ब्लेड तो तुमच्याकडे भिरकावतं. पोटात बसलेला तसा एक ठोसा मला अजून आठवतो, आणि तो तळहाताएवढाच तुकडा होता.

पेटीचे उभे मायटर

फ्रेमऐवजी पेटी करत असाल तर ब्लेडच पंचेचाळीसला झुकतं. नियम तेच, फक्त ब्लेड झुकल्यावर खाचेशी समांतर आहे ना हे पुन्हा बघावं लागतं, कारण काही मशीनमध्ये पाळणा झुकताना थोडा तिरपा होतो. रिप फेन्स वापरायचीच असेल तर ब्लेड ज्या बाजूला झुकतं तिच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

शेवटी स्लेड करूनच टाका

स्लेड म्हणजे खाचेतून सरकणारा, लाकूड धरणारा प्लायचा फळा. चार-पाच फ्रेम झाल्यावर प्रत्येक जण इथे येतो, मग पहिल्यापासूनच का नको? १२ मि.मी. प्लायचा पाया, खाली खाचेत जाणाऱ्या कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि वर दोन फेन्स अशा की त्या ब्लेडच्या रेषेवर एकमेकींना बरोबर ९० अंशांत भेटतील. डाव्या फेन्सवर एक काप, उजव्या फेन्सवर त्याचा जोडीदार.

यातली मेख लक्षात आली तेव्हा मी स्वतःशीच हसलो होतो. दोन फेन्समधला कोन नेमका ९० असेल तर प्रत्येक बाजू नेमकी ४५ नसली तरी चालते. डावीकडे ४५.१ आलं तर उजवीकडे आपोआप ४४.९ येणार, बेरीज ९०. म्हणजे अवघड असलेला ४५ शोधायचाच नाही, फक्त ९० जुळवायचा, आणि ९० तपासायला खरा गुण्या आपल्याकडे आहे. अट एकच: प्रत्येक कोपऱ्यात एक तुकडा डावीकडून कापलेला, एक उजवीकडून कापलेला असला पाहिजे. कापतानाच तुकड्यांवर डा आणि उ लिहा. आणि बेरीज ९० आहे म्हणून ४६-४४ चालेल असं नाही. तेवढ्या फरकाने दोन कापांची लांबी वेगळी होते आणि नक्षीची पट्टी कोपऱ्यात एकमेकीला चुकते.

जोडताना मायटरच्या तोंडावर आधी फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवा, दोन मिनिटं शोषू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. महागडा पट्टा-क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून फ्रेमभोवती ताणून गुंडाळा, चारही कोपऱ्यांवर सारखा दाब येतो. अजून केसाएवढी फट दिसलीच, तर फेव्हिकॉल ओला असतानाच स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांड्याने बाहेरची कड दोन्ही बाजूंनी दाबून घासा. तंतू फटीवर वळतात. हा काकांचा हात, मी फक्त नक्कल करतो.

कापताना बरोबर होतं, नंतर उघडलं

हे मुंबईत हमखास होतं. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आखडतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे रुंद पट्टीचा पंचेचाळीस हवेनुसार थोडा थोडा बदलतो. पावसात कापून जोडलेली फ्रेम एसीच्या खोलीत टांगली की आखडते आणि कोपरा आतल्या बाजूने उघडतो. कोरड्या लाकडाची फ्रेम जुलैत फुगली तर बाहेरच्या टोकाला उघडते. पट्टी जितकी रुंद, तितका हा प्रकार जास्त, २० मि.मी.च्या बीडिंगमध्ये कधी दिसणारही नाही, ८० मि.मी.च्या सागात नक्की दिसेल.

पावसाळ्यात आणलेलं लाकूड घरातल्या ज्या खोलीत फ्रेम लागणार आहे तिथे दोन-तीन आठवडे उभं ठेवावं आणि मगच कापावं. गणपतीच्या गडबडीत हे कोणाला जमतं? म्हणून मी आता प्रत्येक फ्रेमच्या मागे पेन्सिलीने महिना लिहून ठेवतो. आजीच्या फ्रेमवर 'ऑगस्ट, धो धो पाऊस' असं लिहिलंय. डिसेंबरात तिचा कोपरा आतून कागदाएवढा उघडतो, गेज न हलवता जुलैत परत मिटतो.